वेझरकाठची लढाई आणि आमची न सापडलेली खिंड

लढाई कुठे झाली ते आमच्या यांना हायडेलबर्गच्या भाड्याच्या खोलीत, शेगडीजवळ पाय पसरून बसल्या बसल्या सापडलं होतं. जाऊन बघायचं तेवढं राहिलं होतं. १९६३च्या मे महिन्यात आम्ही वेझर नदीकडे गेलो ते एवढ्यासाठीच. यंदा माझी नात त्याच बाजूला सायकलने जाणार आहे. आजी, तिथे बघण्यासारखं काय आहे, असं तिने जर्मनमध्ये विचारलं. तिला मराठी वाचायचा कंटाळा, तेव्हा तुम्हीच वाचा.

हे इतिहासात डॉक्टरेट करत होते. विषय सॅक्सन लोक. त्यांच्यातले काही समुद्र ओलांडून इंग्लंडात गेले आणि अँग्लो-सॅक्सन झाले, त्यांचं कौतुक सगळ्यांनाच. यांचा जीव मागे राहिलेल्या भाऊबंदांवर. त्या भाऊबंदांनी बाराशे वर्षांपूर्वी वेझरजवळ फ्रँक लोकांच्या राजाच्या फौजेला धूळ चारली. राजाच्या बखरीत त्याच्या जेमतेम चार ओळी: डोंगराच्या उत्तरेला सॅक्सनांचा तळ होता, फ्रँक सरदार एकमेकांची वाट न बघता घोडे फेकत गेले आणि कापले गेले. उत्तरेला म्हणजे नेमकं कुठे, कुठलं रान, काही नाही. हरलेल्याने बखर लिहिली की पत्ता गळायचाच.

पण हे पडले पुण्याचे. एवढ्या घोडदळाचा धुव्वा उडाला म्हणजे त्याला खिंडीत गाठलं असणार, यात यांना शंकाच नव्हती. आपल्याकडच्या माणसाला लढाई म्हटलं की आधी खिंड दिसते, माणसं मागाहून. नकाशावर दोन उंचवट्यांमध्ये एक चिंचोळी जागा सापडली आणि बेचाळीस पानांचं प्रकरण उभं राहिलं. ते टाइप मी केलं, म्हणून पानं पक्की लक्षात आहेत. प्रोफेसरांनी वाचलं, मान डोलावली आणि सांगितलं की जागा स्वतः बघून, फोटो काढून आणा, मगच मी सही करेन. जूनअखेर पदवी हाती आली तर पुण्याच्या एका कॉलेजात यांची नोकरी ठरलेली होती. नाही आली तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. माझं तर पुण्यात बिऱ्हाड मांडूनही झालं होतं, मनातल्या मनात.

सकाळच्या गाडीने फ्रँकफुर्ट, तिथे गाडी बदलून हानोव्हर, पुन्हा बदलून हामेल्न. पुढे पोस्टाची पिवळी बस. ती दिवसातून तीनदाच जायची आणि ड्रायव्हर प्रत्येक गावात पत्रांची थैली उतरवून दोन गोष्टी बोलून निघायचा. जाणार असाल तर खायचं बरोबर घ्या. मी दुधातल्या दशम्या आणि लिंबाचं लोणचं घेतलं होतं. लोणच्याची बाटली उघडली तेव्हा डब्यातल्या एका आजोबांनी उठून खिडकी खाली केली. मे महिन्यात मात्र तिकडे श्पार्गेल मिळतं, पांढरे कोवळे कोंब, बटाट्यांबरोबर लोण्यात घोळवून देतात. वर मांस घालू नका हे दोनदा सांगावं लागतं. दुसऱ्यांदा सांगितलं की कीव करून बटाटे जास्त वाढतात.

उतरलो फ्राऊ डोर्मान यांच्याकडे. साठीच्या, एकट्या, घर आरशासारखं. माडीवरची खोली न्याहारीसकट सहा मार्क. यांना पहिल्या मिनिटापासून हेर डॉक्टर म्हणायला लागल्या आणि यांनीही दुरुस्त केलं नाही.

दुसऱ्या दिवशी बूट घालून खिंड बघायला निघालो. तासभर चाललो. बीच नावाची उंच झाडं, कोवळी हिरवी पानं, खाली पांढऱ्या फुलांचा सडा, चढ इतका हलका की साडीत असूनही मला धाप लागली नाही. मग झाडी संपली, मोठं कुरण लागलं, पंधरा-वीस गाई चरत होत्या. हे नकाशा उलटा करून बघायला लागले, तेव्हा मला कळलं.

"अहो, हीच का तुमची खिंड? इथून आठ बैलगाड्या एका ओळीत जातील."

बाराशे वर्षांत डोंगर झिजतात, असं म्हणाले. मी म्हटलं, झिजतात ना, नेमके तुमच्या प्रकरणापुरते. पण यांचा चेहरा बघितला आणि पुढचं गिळलं. फौजेला अडवेल असं तिथे काहीच नव्हतं. घोडेस्वार कुठूनही चढला असता, कुठूनही उतरला असता. यांनी एकही फोटो काढला नाही.

परतताना गावातल्या खानावळीत कॉफीला थांबलो. खानावळीचा मालकच गावचा ब्युर्गरमाइस्टर, म्हणजे आपला सरपंच. लढाईचा विषय निघताच तो खुलला. लढाई त्याच्याच गावाच्या ओढ्यावर झाली होती, ओढ्याला रक्ताचा ओढा म्हणतातच मुळी. शेजारच्या गावातही असाच ओढा आहे असं यांनी सांगितलं, तर तो म्हणाला, त्यांनी नाव आमच्याकडून चोरलं. मग त्याने आपणहून ग्रामपंचायतीच्या कागदावर लिहून दिलं की लढाईचं स्थळ म्हणून ही जागा परंपरेने प्रसिद्ध आहे, आणि वर गोल शिक्का मारला. इकडे शिक्का म्हणजे ब्रह्मवाक्य. खिंड खोडायची, ओढा घालायचा, दहा पानं बदलली की काम झालं. माझा जीव भांड्यात पडला. यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला.

संध्याकाळी सहाला जेवण. फ्राऊ डोर्माननी विचारलं, सापडली का जागा? मीच उत्साहाने शिक्क्याचं सांगितलं. त्या थोडा वेळ पाव कापत राहिल्या. मग त्यांनी नवऱ्याबद्दल सांगितलं, तो रशियात पडल्याचं. लष्कराच्या पहिल्या पत्रात एका गावाचं नाव होतं. सात वर्षं त्या रोज नकाशात त्या गावावर बोट ठेवून प्रार्थना करत. मग दुसरं पत्र आलं की गाव चुकलं होतं, नेमकी जागा माहीत नाही.

"माहीत नाही, हे त्यांनी आधीच लिहायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "ते मी सोसलं असतं. सात वर्षं मी भलत्याच गावाशी बोलत होते."

आमच्या पानातले बटाटे तसेच राहिले.

परतीच्या गाडीत हानोव्हर मागे पडलं तसा यांनी प्रबंधाचा विषय काढला. म्हणाले, खिंडीचं प्रकरण काढून टाकतो. मला संतापच आला. नोकरीचं काय, जून तोंडावर आलाय, शिक्का खिशात आहे, सगळं बोलून झालं.

"अहो, बाराशे वर्षं झाली. आता कोण उठून विचारायला येणार आहे?"

"कोणी येणार नाही," हे म्हणाले, "म्हणूनच."

आठ दिवस मी यांच्याशी कामापुरतंच बोलले. प्रबंध नव्याने मांडावा लागला, त्यात जून गेला, पुण्याची नोकरी गेली, ती यांच्याच एका वर्गमित्राला मिळाली. पदवी दीड वर्षाने आली आणि नोकरी मिळाली ती जर्मनीतच, म्हणून आम्ही इथले झालो. प्रबंधातला नकाशा मी स्वतः चिकटवला आहे. वेझरच्या पलीकडे एक रिकामी जागा आणि त्यात माझ्याच यंत्राने उमटवलेलं: ठिकाण अज्ञात.

पुस्तक छापून आलं तेव्हा यांनी पहिली प्रत फ्राऊ डोर्मानना पाठवली. मी म्हटलं, त्या बिचारीला काय कळणार त्यातलं. महिन्याने त्यांचं कार्ड आलं. लिहिलं होतं की बाकीचं काही समजलं नाही, पण नकाशाचं पान बघितलं, ते अगदी बरोबर आहे.

कार्ड वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. माझा राग गेला तो त्या दिवशी. पुण्याची नोकरी गेल्याचं मात्र अजून वाईट वाटतं. हे आता नाहीत, म्हणून बिनधास्त लिहिते.