पाच नंबरच्या खाटेवरची यमुना

पिंपरीचा औषधांचा कारखाना नवा होता, त्या वर्षी भाद्रपदात माझी नेमणूक चिंचवडपलीकडच्या छावणीत, मिलिटरी हॉस्पिटलच्या फॅमिली वॉर्डात झाली. मी आया होते. बंदूक कधी धरली नाही, पण हजेरी आणि शिस्त जवानांचीच होती. ड्यूटी सकाळी सात ते दुपारी तीन.

वॉर्डात बारा खाटा. आया दोघी, मी आणि गंगू. गंगू सातवी शिकलेली, मी चौथी. म्हणून सिस्टरने रिपोर्टची वही तिला दिली. जे दिसेल ते गंगूला सांगायचे, ती लिहील, सिस्टर दोनच्या राउंडला वाचेल, असा नियम होता. गंगूचे अक्षर माझ्यापेक्षा वाईट होते. सिस्टर तिला थर्मामीटर शिकवायची, तेव्हा मी मागे उभी राहून शिकत असे. हे कोणाला माहीत नव्हते.

पाच नंबरला यमुना होती. एका नाईकाची बायको, चाकणकडची, वय वीस. टायफॉइडचा तिसरा आठवडा. या आठवड्यात आतडी कागदासारखी पातळ होतात. म्हणून फक्त दूध आणि बार्लीचे पाणी. शौचाला काळे झाले तर लगेच कळवायचे, असा हुकूम होता.

गंगू आणि मी एका वयाच्या. तरी यमुना तिला ताई म्हणे, मला मावशी.

"गंगूताई, भाकरी कवा देनार?"

"डॉक्टर मेजरसाहेबांना विचार."

"आमचं सायब तुमीच हाय!"

दोघी हसत. मला ते लागे.

त्या दिवशी एक वाजता मी यमुनाचा बेडपॅन काढला. आत डांबरासारखे काळे. गंगू टेबलाशी बसली होती. तिला सांगितले असते, तर शाबासकी तिला मिळाली असती. मी बेडपॅन झाकला. ठरवले, राउंडला सिस्टरलाच सांगेन.

दीडला गंगूने थर्मामीटर पाहिला. "अगं यमुने, ताप उतरला तुझा! साडेसत्त्याण्णव!"

"व्हय? मंग आता भाकरी."

मी तिचा हात धरला. गार, घामाने ओला. नाडी इतकी पळत होती की मोजता येईना. तो ताप उतरला नव्हता, आत रक्त वाहत होते. मी सिस्टरच्या खोलीकडे धावले.

"सिस्टर, पाच नंबर. काळं झालं."

"कधी?"

"एक वाजता."

तिने घड्याळाकडे पाहिले आणि ती पळत सुटली.

"खाट पायाकडून उचला. सलाइन. मेजरसाहेबांना फोन करा."

रक्त पुण्याहून मागवले. यमुना सव्वातीनला गेली, तिचा हात माझ्या हातात होता. रक्ताची जीप चारला आली.

गंगूने मला एवढेच विचारले, "मला का नाही सांगितलंस गं?" मी तिच्यापासून लपवले, हे तिने पुढे कोणालाच सांगितले नाही.

आठव्या दिवशी नाईक काश्मीरहून आला. पाच नंबरच्या खाटेपाशी उभा राहिला. ती शेवटी काय बोलली, ते त्याने विचारले. गंगू म्हणाली, "ताप उतरला म्हणून खूश होती, दादा. भाकरी मागत होती. या मावशींनी हात सोडला नाही शेवटपर्यंत."

त्याने मला हात जोडले. मी खाली पाहिले. गंगू त्याच्या डोळ्यांत बघून बोलत होती. तेवढ्यासाठी मला तिचा हेवा वाटला, आणि तो अजून गेलेला नाही.