बंद करा म्हणणारा हात

शिपायाने नानाच्या कानाखाली वाजवली आणि गुजरातीत विचारलं, "हवे संभळायुं?" आता ऐकू आलं का? नाक्यावरचे रिक्षावाले हसले.

नाना माझा मोठा भाऊ. जन्मापासून बहिरा. लिंबायतच्या नाक्यावर शिपायाने थांबायची शिट्टी मारली तेव्हा तो सायकल चालवत होता. मी मागे कॅरिअरवर डबा धरून बसले होते. शिट्टी मी ऐकली. ती आपल्यासाठी असेल असं वाटलं नाही.

नाना लूमच्या कारखान्यात कामाला. तिथे एवढा खडखडाट की चांगल्या कानाची माणसंही हातानेच बोलतात. धागा तुटला की दोन बोटं झटकायची. पाणी हवं तर अंगठा ओठाला. लूम बंद कर म्हणायचं तर आडवा हात गळ्यावरून फिरवायचा. नवे कारागीर हे बोलणं नानाकडून शिकायचे.

दुसरी थप्पड बसली तेव्हा नानाने शिपायाकडे बघून हात गळ्यावरून फिरवला. बंद करा.

शिपायाचा चेहरा बदलला. "मारुं गळुं कापशे? पोलीसनुं?"

काठी काढली. नाना तोच हात करत राहिला. जेवढा मार, तेवढा हात.

मग शिपायाने मला विचारलं, "ए बेन, शुं के छे आ?" काय म्हणतोय हा?

मला माहीत होतं. दोनच शब्द. परक्या माणसासमोर मी कधी बोललेच नव्हते. मी डब्याकडे बघत राहिले.

"आखुं घर मूंगुं छे," तो म्हणाला. अख्खं घरच मुकं. रिक्षावाले परत हसले.

घरी आई एवढंच म्हणाली, "त्याले वाचा नई. तुले तं शे ना?"

नानाने त्यानंतर बोलायला हात उचलला नाही. रस्त्यात हात बगलेत. कारखान्यातही नुसती मान हलवायचा. लोक त्याला आधीपासून मुका म्हणायचे. तो मुका त्या दिवशी झाला.

मला अजून तो हात दिसतो. भाकरी थापताना दिसतो. भांडी घासताना माझाच हात गळ्याकडे जातो.

चार वर्षांनी बहिऱ्यांच्या शाळेतल्या बाई घरी आल्या. चौकीत नवे साहेब आले होते. अपंग माणसांशी कसं वागायचं ते शिपायांना शिकवणार होते. "घरचं कुणीतरी चला, नुसतं बसायचं," बाई म्हणाल्या. नाना आला नाही. मी गेले.

साहेब म्हणाले, हे लोक बिचारे असतात, दया करा. शिपाई जांभया देत होते. नानाला मारणारा तो शिपाई दुसऱ्या बाकावर होता.

मी उठले. त्याच्याकडे बघून हात गळ्यावरून फिरवला.

"गला काटेगी!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

"नाही," मी म्हणाले. "बंद करा. माझा भाऊ तुम्हाला बंद करा म्हणत होता."

"कौन भाई?" त्याने विचारलं. खरंच आठवत नव्हतं त्याला.

मग साहेबांसमोरच मी सगळ्यांना तो हात करायला लावला. त्यालाही. तीन वेळा.

घरी येऊन नानाला सांगितलं. त्याने हात बगलेतून काढले नाहीत.

मला कुणाची माफी नको. दया तर मुळीच नको. पुढच्या वेळी शिपाई बसतील तेव्हा बाई बोलावोत न बोलावोत, मी जाणार. समोर येऊन उभे राहा, मागून शिट्टी मारू नका, हे सांगणार. मग तो हात. आणि कुणी विचारलं, आ शुं के छे, तर मी डब्याकडे बघणार नाही.