बोटभर फिरवलेली चूल

मंडळी, आज आमच्या भोसरीच्या घरामागे, अंगणातल्या स्वयंपाकघराची आखणी झाली. सिंक, शेगडी, ग्रॅनाइटचा ओटा, सगळं भिंतीला लागून. मिस्त्रींनी जमिनीवर चुन्याच्या फक्कीने रेघा मारल्या आणि मी जाम खूश!

तेवढ्यात सासूबाई काठी टेकत आल्या. रेघा बघून म्हणाल्या, "आन् रांधणारीनं भिताडाकडं तोंड करून हुबं ऱ्हायाचं व्हय?"

मग त्यांनीच सांगितलं. पन्नासच्या दशकात त्या सून म्हणून आल्या, तेव्हा इथेच उघड्यावर मातीची चूल होती. मांडलेली अशी, की सुनेची पाठ मागच्या रस्त्याकडे राहावी. माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, दापोडीला कामाला होते, सायकलवरून घरी यायचे. ते येताना सासूबाईंना दिसायचेच नाहीत.

"मग काय केलंत?"

"दर सारवणाला चूल बोटभर फिरवायची मी. दिवाळीपत्तोर रस्ता दिसाया लागला. सासूला पत्ता न्हाई!"

"आणि मामांना?"

सासूबाई लाजल्या. पंच्याऐंशीव्या वर्षी चक्क लाजल्या हो!

"त्यांस्नी कळलं व्हतं की. वळणावर उगंच घंटी वाजवायचं."

मामांना जाऊन नऊ वर्षं झाली. मिस्त्रींनी पायाने फक्की पुसली आणि ओटा रस्त्याकडे तोंड करून पुन्हा आखला.

तुमच्या ओट्यावर उभं राहिलं की समोर काय दिसतं? नवा बांधत असाल, तर आधीच ठरवा बायांनो. ग्रॅनाइट काही बोटबोट फिरत नाही.