चौथा अंदाज मांडणारे नेनेसर

दिगंबर नेनेसरांच्या पंचाहत्तरीच्या या अंकासाठी लिहा, असा आपल्या मराठी मंडळाचा निरोप आला आणि पाठोपाठ सूचनाही आली, "ताई, जरा गोड लिहा हं." प्रयत्न करते. पण मी नागपूरची. गोड बोलण्यासाठी मला आजवर कुणी बोलावलेलं नाही.

सरांची पहिली भेट बर्मिंगहॅमच्या ऑफिसात झाली. वेगवेगळ्या देशांच्या वीजबाजाराचं पुढे काय होणार, याचे अंदाज करून देणारी आमची कंपनी. सर तिथले सर्वांत जुने विश्लेषक आणि मी अगदी कोरी, नुकतीच व्हिसावर आलेली. पहिल्याच आठवड्यात मी एका अहवालात लिहिलं होतं, 'तूट पडल्यास वीज आयात करता येईल.' सर तो कागद घेऊन माझ्या डेस्कपाशी आले.

"तुम्ही नागपूरच्या ना? लोडशेडिंगमध्ये अभ्यास केला असेल."

"हो सर."

"मग हे वाक्य तुमच्या हातून लिहिलं गेलं कसं? आयात कोणाकडून? आणि त्या दिवशी त्यांच्याकडे तरी असेल का?"

आवाज अजिबात चढलेला नव्हता. सर ज्युनिअरलाही अहो-जाहोच करत. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते वाक्य मी पुन्हा कधी लिहिलं नाही.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. अंदाज तीन करायचे: वरचा, मधला आणि खालचा. गिऱ्हाईक मधला वाचतं आणि मधल्यात कधी काही वाईट घडत नाही. एका छोट्या देशाचं काम आमच्याकडे आलं. नाव सांगायला कराराची बंदी आहे. त्या देशाची बहुतेक वीज समुद्राखालच्या केबलने मोठ्या शेजाऱ्याकडून येते. स्वतःचं म्हणावं असं एकच जुनं वीजकेंद्र, तेही महागडं आणि धूर ओकणारं. सरकारला ते बंद करायचं होतं. 'केबलवर भागेल ना?' एवढाच त्यांचा प्रश्न होता.

तिन्ही अंदाज म्हणत होते, भागेल. सरांनी चौथा मांडला. कडाक्याची थंडी, वारा साफ पडलेला, पवनचक्क्या उभ्या आणि शेजाऱ्याच्या घरातही तीच बोंब. मग सरांनी शेजाऱ्याचा वीजटंचाईसाठीचा आराखडा काढून वाचला. आमच्या ऑफिसात ही तसदी दुसऱ्या कुणी घेतली नव्हती. त्यात काय असावं? अशा थंडीत शेजारी याच केबलवरून, या छोट्या देशाकडून वीज घेणार होता! दोन शेजारणींनी एकमेकींच्या डब्यातल्या साखरेवर लाडवांचा घाट घातलेला, आणि डबे दोन्हीकडे रिकामे, असं सर सांगत. अंधार कुठून सुरू होईल, हेही त्यांनी लिहिलं होतं.

ज्या दिवशी यावर मीटिंग ठरली, त्या दिवशी सरांनी मला लेस्टरला पाठवलं. म्हणाले, तिथल्या एका क्लायंटकडून आकडे समजून घ्या, आणि येताना बेलग्रेव्ह रोडवरून फरसाण आणा. मी गेले. क्लायंटला माझी काही गरजच नव्हती, आकडे त्यांनी आधीच ईमेल केले होते. फरसाण घेऊन परत आले तोवर सगळं आटोपलं होतं. डायरेक्टरसाहेब म्हणाले होते, "नेने, ब्रिलियंट वर्क, पण जरा ग्लूमी आहे." चौथा अंदाज काढून टाकला. सरांनी अहवालावरचं आपलं नाव काढून घेतलं. मी भडकले. "मला लांब का पाठवलंत?" सर म्हणाले, "तुम्ही तिथे असतात तर बोलला असतात. तुमचा व्हिसा या कंपनीवर आहे. माझा नाही." आणि फरसाणाची पुडी फोडून सगळ्यांना वाटायला लागले. थोड्याच दिवसांत त्यांना केक कापून निरोप देण्यात आला. आजही ते आठवलं की माझ्या जिवाची तगमग होते.

वीजकेंद्र बंद झालं. त्यानंतरचे हिवाळे सौम्य गेले. मग काय, सगळेच शहाणे! आपल्याच मंडळाच्या गणपतीत एका फायनान्सवाल्या गृहस्थांनी हातात मोदक धरून विचारलं, "काय नेनेसाहेब, कुठाय तुमचा तो अंधार?" आजूबाजूचे हसले. त्यातले काही या गौरव समितीत आहेत, आणि हे छापायचं की नाही तेही तेच ठरवणार आहेत. ठरवा. सर शांतपणे म्हणाले, "नाही आला. बरं झालं."

मला वाटलं, हा मोठेपणा असावा. तसं नव्हतं. त्या कामासाठी सर त्या छोट्या देशात जात, तेव्हा एका बाईंच्या घरी उतरत. त्यांचे यजमान घरीच ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत. बाईंनी सरांना विचारलं होतं, "वीज जाणार नाही ना?" अहवालातलं उत्तर सरकारपर्यंत पोचलंच नाही, म्हणून सरांनी ते बाईंना दिलं. स्वतः जाऊन मशीनसाठी बॅटरी बसवून आले. अजूनही सकाळी उठले की सर आधी त्या देशाचं हवामान बघतात, मग बर्मिंगहॅमचं. थंडी पडून वारा थांबला की त्यांचा फोन जातो, "बॅटरी चार्ज करून ठेवा." बॅटरी एकाच घरात आहे. बाकीच्या घरांत कोण फोन करणार? असं सर विचारतात.

सर, तुमच्यावर हसणाऱ्यांची तोंडं काळी व्हावीत, असं मला फार वाटतं. अगदी मनापासून वाटतं. पण त्यासाठी त्या देशात एक रात्र दिवे जावे लागतील, आणि ते तुम्हांला सोसवणार नाही. म्हणून शाल-श्रीफळाच्या या सोहळ्यात दात-ओठ खाऊन एवढंच मागते: तुम्हांला उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि त्या आयुष्यातल्या प्रत्येक हिवाळ्यात तुम्ही साफ चुकीचे ठरा.