ओळंब्याची दोरी

दिलावर मिस्त्री म्हणजे भोरचे नाणावलेले गवंडी. डावा डोळा मिटून उजव्यानं ओळंब्याची दोरी बघितली की विषय संपला, मग ब्रह्मदेव आला तरी भिंत हलायची नाही. आणि याच माणसानं, दोन हजार सातच्या उन्हाळ्यात, मार्गासनीला कोंडिबानं छातीपर्यंत चढवलेली भिंत पाडायला लावली!

"वाकडी हाय. उतरव."

"मिस्त्री, म्या दोनदा बघितलीय," कोंडिबा म्हणाला. वीस वर्षं बरोबर काम करणारा जोडीदार तो. पण दिलावरांचं डोकं फिरलेलं. घरमालकासमोर म्हणाले, "पिऊन बांधतोस का रं?"

कोंडिबा माळकरी. थापी तिथंच टाकून घरी गेला.

दिलावरांनी नवी भिंत चढवली, तीही वाकडी. मग दाराची चौकट वाकडी, विजेचा खांब वाकडा! जेवण गोड लागेना, एका जागी बूड टेकेना. शेवटी बायको, हसीना, कावली. "अवो, भिंतीला काय कोसताय? डोळं दाखवा की!"

पुण्याच्या दवाखान्यात ओसीटीच्या मशीनवर हनुवटी टेकवायची होती, पण पाय थांबतील तर शपथ. तिसऱ्या वेळी कुठं फोटो निघाला. स्क्रीनवर डोळ्याचा पडदा आडवा कापल्यागत दिसत होता, थरावर थर, आणि मधोमध फुगवटा.

"साखरेमुळं आत पाणी साठलंय," डॉक्टर म्हणाले. "म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते."

ओल मुरली की गिलावा फुगतो, हे दिलावरांना कोण शिकवणार! "म्हंजे वाकडं हितं हाय? भिंतीत न्हाई?"

"हो. डावा डोळा मात्र चांगला आहे. उजव्यात इंजेक्शनं देऊ, पण नजर पहिल्यासारखी होईलच, असं सांगत नाही."

डावा चांगला! तीस वर्षं जो मिटून ठेवला, तोच! एकदा, एकदाच तो उघडून दोरी बघितली असती तर? दिलावरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना नसरापूरला उतरून ते भोरला गेलेच नाहीत. वेल्ह्याच्या जीपमध्ये बसून मार्गासनीला कोंडिबाच्या दारात उभे राहिले आणि फोटोचा कागद पुढं केला.

"तुजी भिंत सरळ व्हती. माजाच डोळा वाकडा. नको ते बोललो रं."

कोंडिबानं कागद बराच वेळ न्याहाळला. "लई ओल हाय की, मिस्त्री."

दिलावरांनी पिशवीतला ओळंबा काढून त्याच्या हातात दिला. "उद्यापास्नं दोरी म्या धरनार. बघायचं तू."

कोंडिबानं ओळंबा तिथंच भिंतीलगत खाली सोडून बघितला. सवयीनं डावा डोळा मिटला.

"अरं, मिटू नगंस!" दिलावर ओरडले. "त्यानंबी बघत जा!"