गळ्यातले घट्टे

माझा आवाज गेला, तेव्हा आधी आईनंच त्याला सोंग म्हटलं.

जळकोटच्या शाळेत लागून मला दोनच वर्षं झाली होती, नोकरी कायम व्हायची होती. पत्र्याच्या एकाच खोलीत तिसरी आणि चौथी, मध्ये भिंत नाही. मी पाढे म्हणून घ्यायची ते वाऱ्यानं पत्रा वाजला तरी त्याच्या वर. त्यात त्या साली पावसानं दडी मारलेली, खोलीत नुसता धुळीचा फुफाटा. आधी आवाज बसला, मग फाटला, मग एका सकाळी तोंड उघडलं तर नुसती हवा. आमच्या घरातली ही पहिली सरकारी नोकरी, आणि मुक्या बाईला शाळेत कोण ठेवणार? त्या धास्तीनं माझं अन्न तुटलं.

आईचं गाणं वेगळंच. बहात्तरच्या दुष्काळात सडकेच्या कामावर खडी फोडून तिनं मला शिकवलेलं. खुर्चीत बसून कुणाचं काय झिजतं, असं ती शेजारणीला सांगायची, मला ऐकू जाईल अशा बेतानं. माझा संताप व्हायचा आणि भांडायला आवाज नाही! माझ्यासारखीला याहून मोठी शिक्षा नाही.

ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. शेवटी सोलापूरला घशाच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी पंधरा दिवस बोलणं बंद करायला सांगितलं. मी लई शहाणी. बोलले नाही, कुजबुजले. वर्गात मी कुजबुजत शिकवलं, तर पोरंही कुजबुजायला लागली. हेडमास्तर खूश, एवढी शिस्त त्यांनी कधी पाहिली नव्हती. पंधरा दिवसांनी घसा मात्र पहिल्यापेक्षा बिघडला.

दुसऱ्या खेपेला आई सोबत आली, माझं सोंग उघडं पाडायला. डॉक्टरांकडं नवीन यंत्र आलं होतं. त्यांनी माझ्या गळ्याला डबीएवढा माईक बांधला, फडक्यानं जीभ धरून बाहेर ओढली, छोटा आरसा गरम करून घशात धरला आणि म्हणाले, ई म्हणा. आपली जीभ दुसऱ्याच्या हातात असताना ई म्हणून बघा एकदा. कसाबसा फाटका सूर निघाला आणि यंत्राचा दिवा लुकलुकायला लागला. आवाजाच्या पट्ट्या इतक्या वेगानं थरथरतात की डोळ्याला कळत नाही, या दिव्यात त्या सावकाश हलताना दिसतात, असं ते सांगत होते. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी आईला जवळ बोलावलं.

आई त्यांच्या खांद्यावरून वाकून बघायला लागली. मला अर्थात आरसा दिसत नव्हता, आईचा चेहरा तेवढा दिसत होता. दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोर बारीक गाठी आहेत, त्यामुळं पट्ट्या नीट मिटत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. आमच्याकडं गाठीचा एकच अर्थ, कॅन्सर. आईनं मात्र आपला तळहात उलटून बघितला.

"हे घट्टे हायत," ती म्हणाली. "माझ्या हाताला हायत तसले. व्हय ना, डॉक्टर?"

अगदी तेच, ओरडून पडलेले, असं त्यांनी सांगितलं. कुजबुजण्यानंही गळ्याला ताणच पडतो, आता खरोखर गप्प बसलात तर जातील म्हणाले. परतीच्या एसटीत नळदुर्ग मागं पडलं. मग आईनं हळूच विचारलं, इतके दिवस दुखत होतं का गं. मी मान हलवली आणि मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर शाळेत आली आणि पंधरा दिवस पाढे आपण घेऊ, असं तिनंच हेडमास्तरांना सांगितलं. आईला अक्षर येत नव्हतं. पाढे येत होते, चुलीपाशी मी घोकायची ते ऐकून ऐकून. मी फळ्यावर लिहीत होते, ती म्हणत होती, पोरं तिच्यामागं. तेरा सक अठ्ठ्याहत्तरपर्यंत ती न चुकता आली आणि थांबली. लहानपणी मी तिथंच अडायची, आणि मला आठवेपर्यंत ती भाकरी थापायची थांबायची. आताही तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडात शब्द आलाच होता, तेवढ्यात तिनं आपला खरबरीत तळहात माझ्या तोंडावर ठेवला.

"गप," ती म्हणाली. "आता म्या म्हणते."