पूर्ण समाधानी

लोणावळ्याच्या अलीकडच्या एका कॉलेजात मी अकरा वर्षं तात्पुरता आहे. इतकी वर्षं तात्पुरतं राहायलाही चिकाटी लागते. मी तासिका तत्त्वावर, म्हणजे वर्ग भरला तर सर, नाही तर घर. त्यामुळे दर मे महिन्यात अर्थशास्त्र बाजूला ठेवून मी विद्यार्थी गोळा करत दारोदार हिंडतो.

दोन वर्षांपूर्वी एकच नाव कमी पडत होतं. भाजे गावात एका मावशींच्या ओट्यावर जाऊन बसलो. मावशी शनिवार-रविवारी लेणी बघायला येणाऱ्यांना पिठलं-भाकरी विकायच्या. त्यांची थोरली मुलगी नुकतीच बारावी झालेली. मी शिक्षणाचे फायदे सांगितले. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "सर, तुमी पर्मनंट हाय ना?"

"हो तर," मी म्हणालो. जीभ जरा जास्तच सफाईने वळली.

"मंग घालते पोरीला. येवढं शिकून मानूस लटकतच ऱ्हानार आसंल तर काय उपेग?"

मुलगी आली, वर्ग वाचला, मीही वाचलो.

यंदा तपासणी समिती यायची होती. आदल्या दिवशी प्राचार्यांनी नोकरीतल्या समाधानाचे फॉर्म वाटले, सोबत उत्तरही वाटलं: सगळीकडे 'पूर्ण समाधानी'. एका ज्येष्ठ सरांनी 'सुधारणेसाठी सूचना' या रकान्यातही तेच लिहिलं. मला फॉर्मच मिळाला नाही. तात्पुरत्यांचं समाधान कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी समितीतल्या बाई प्राचार्यांसोबत माझ्या वर्गात आल्या. पुढे काय व्हायचंय, असं त्यांनी विचारताच मावशींची मुलगी ताडकन उभी राहिली.

"सरांसारखं पर्मनंट!"

प्राचार्य पंख्याकडे बघू लागले. बाईंनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. "वा! किती वर्षं झाली, सर?"

"अकरा," मी म्हणालो. निदान ते तरी खरं होतं.

तास संपल्यावर मुलगी टेबलापाशी आली. "सर, आई म्हनली, धाकटीला बी तुमच्याकडंच घालायचं. यंदा बारावी हाय तिची."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता हिला खरं सांगून टाकायचं, असं ठरवून मी तोंड उघडलं.

"तिचे दाखले आत्तापासूनच काढून ठेवा," मी म्हणालो.